पप्पा कोइमतूरला नाहीत

प्रश्न थोडक्यात असा: "माझा धाकटा भाऊ आठ महिन्यांपासून कळंबा कारागृहात कच्चा कैदी आहे. बांधावरून भावकीत मारामारी झाली, समोरच्याला डोक्यात जबर लागलं, खुनाच्या प्रयत्नाचं कलम १०९ लागलंय. वहिनी माहेरी निघून गेली, अधूनमधून फोन करते. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाचची. दोघं विट्याला माझ्या सासरी आहेत. पप्पा गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) कामाला कोइमतूरला गेलेत असं आम्ही सांगितलंय. अटक झाली तेव्हा मुलं झोपेत होती. आता मुलगी रात्री अंथरूण ओलं करते. मुलगा शाळेत मारामाऱ्या करतो आणि घरात एकदम गप्प. भाऊ म्हणतो, पोरांना इथं आणू नको. आमचे हे म्हणतात, कळूच द्यायचं नाही. खरं सांगावं का? भेटीला न्यावं का? भाऊबिजेला मी जाणारच आहे, तेव्हाच न्यावं असं मनात आहे."

ताई, आधी तुमच्या भाच्याबद्दल. त्याला बहुतेक सगळं माहीत आहे.

कैद्यांच्या घरच्यांबरोबर काम करायला लागून मला बावीस वर्षं झाली. "मुलं झोपेत होती" हे वाक्य मी प्रत्येक दुसऱ्या घरात ऐकलंय. रात्री दोन वाजता दार वाजतं, चार-पाच माणसं बुटांसकट आत येतात, आजी रडायला लागते, आणि नऊ वर्षांचं पोर झोपलेलं असतं? ते डोळे मिटून पडलेलं असतं. पुढं कित्येक महिने ते रात्री तसंच पडून राहतं, कान दाराकडं लावून. सकाळी शाळेत पेंगतं आणि बाई म्हणतात लक्ष नाही.

आणि कोइमतूरचं म्हणाल तर, तुमच्या भागात याहून पटेल अशी थाप सापडणार नाही. विटा-खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यानं देशभर पसरलीत, दर तिसऱ्या घरातलं कुणीतरी तिकडं आहे. पण म्हणूनच ती टिकत नाही. गलाईला गेलेला बाप रोज रात्री व्हिडिओ कॉल करतो, दुकान दाखवतो, यात्रेला गावी येतो, येताना बॅग भरून आणतो. हे तुमच्या भाच्यानं शेजारच्या घरात पाहिलेलं आहे. आपल्या पप्पांचा फोन का येत नाही, हा हिशोब त्यानं केव्हाच केला असणार. शिवाय हल्ली प्रत्येक तालुक्यात दोन-चार यूट्यूब बातम्यांची चॅनेलं आहेत. तोंडाला काळं फडकं बांधलेल्या माणसाचा व्हिडिओ, खाली गावाचं नाव. वर्गातल्या कुणाच्या तरी दादाच्या मोबाइलवर तो असतोच.

मग तो विचारत का नाही? तुम्हाला सांभाळून घेतोय म्हणून. आत्याला हे बोलायचं नाही, बोललं की आत्या रडते, आत्याचे मिस्टर उठून बाहेर जातात, हे त्यानं ओळखलंय. घरातला गप्पपणा आणि शाळेतली मारामारी एकाच ठिकाणाहून येते. शाळेत कुणीतरी "तुझा बाप जेलात" म्हटलं असेल, आणि त्याला उत्तर द्यायला त्याच्याकडं एक वाक्यसुद्धा नाही. घरानं दिलेलंच नाही, म्हणून तो हात उचलतो.

तेव्हा हो, खरं सांगा. आणि तुम्हीच सांगा, तुमच्या मिस्टरांना समोर बसवून. दोघांनाही कळू दे की या घरात आता हे बोललं तरी चालतं.

कसं सांगायचं ते लिहिते. हे शब्द पाठ करू नका, तुमच्या बोलीत घ्या. रात्री झोपायच्या वेळी सांगू नका, सुट्टीच्या दिवशी सकाळी सांगा, म्हणजे प्रश्न पडायला दिवस उरतो. "पप्पा कोइमतूरला नाहीत. ते कोल्हापूरला कळंबा जेलमध्ये आहेत. बांधावरून भांडण झालं, त्यात एका माणसाला खूप लागलं. ते पप्पांनी केलं असं पोलीस म्हणतात. खरं काय ते कोर्टात ठरणार. त्याला किती दिवस लागतील ते मलाही माहीत नाही. पप्पांना तिथं जेवण मिळतं, झोपायला जागा आहे, आजारी पडले तर डॉक्टर आहेत. तुम्ही दोघं माझ्याकडंच राहणार. मी तुम्हाला खोटं सांगितलं, ते माझं चुकलं." हे शेवटचं वाक्य गाळू नका. आपल्याकडं मोठी माणसं पोरांपुढं "चुकलं" म्हणत नाहीत, म्हणून ते पोराला आयुष्यभर आठवतं.

मुलीला तीन-चार वाक्यं पुरतात. पाच वर्षांच्या पोरीला बांध, भावकी, कलम काही कळत नाही. पप्पा कुठं आहेत, बरे आहेत का, आणि उद्या सकाळी माझी वेणी कोण घालणार, एवढंच तिला पाहिजे असतं.

दोघांनाही आणखी एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगायची आहे, त्यांनी विचारलं नाही तरी: हे तुमच्यामुळं झालेलं नाही. मोठ्यांना हे वेडगळ वाटतं. पण मी एका मुलाला भेटले होते, त्यानं सायकल मागितली होती, बापानं "बघू" म्हटलं होतं आणि त्याच आठवड्यात चोरीच्या गुन्ह्यात बाप आत गेला. दोन वर्षं तो मुलगा सायकलवर बसला नाही. कारण कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

प्रश्न येतील. तिथं पप्पांना मारतात का? बेड्या घालतात का? मीही मोठा झाल्यावर जाणार का? माहीत असेल ते सांगा, नसेल तर "मी विचारून सांगते" म्हणा आणि खरंच विचारून सांगा. फक्त तारखेच्या फंदात पडू नका. कोर्टाच्या तारखेला आपण मोठे इतके सरावतो की सहज बोलून जातो, "एकवीसला तारीख आहे, बघू काय होतंय." पोराला तारीख म्हणजे पप्पा येण्याचा दिवस वाटतो. एकवीसला साहेब रजेवर असतात, पुढली तारीख पडते, आणि पोराच्या लेखी पप्पांनी पुन्हा फसवलेलं असतं. जामीन होऊन माणूस उंबऱ्यावर उभा राहीपर्यंत कुठलाही दिवस सांगू नका.

आता तुमच्या भाचीचं. ती आधी कोरडी राहत होती आणि आता ओलं करते, असं धरून लिहिते. एकदा लघवी तपासून घ्या, जंतुसंसर्ग असला तर उगाच सगळं मनावर ढकलायला नको. तो नसेल तर हे वय मागं सरकणं आहे. घाबरलेलं मूल जिथं शेवटचं सुरक्षित होतं तिथं परत जातं, म्हणून बोबडं बोलतं, अंगठा चोखतं, पदर सोडत नाही. रागावू नका, इतरांसमोर बोलू नका, "दादा बघ कसा शहाणा" म्हणू नका. प्लास्टिक अंथरा, रात्री तुम्ही झोपण्याआधी तिला उठवून लघवीला न्या, आणि रोजची वेळ शक्य तितकी तीच ठेवा: तेच ताट, तीच जागा, निजताना तीच गोष्ट. बहुतेक मुलांचं काही महिन्यांत थांबतं. मूल जेवणंच सोडून देत असेल, स्वतःला इजा करत असेल, मरणाच्या गोष्टी बोलत असेल किंवा मुलगा रात्र-रात्र जागत असेल तर मात्र वाट पाहू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत.

शाळेत काय सांगायचं? एकाच माणसाला सांगा. वर्गशिक्षिका भली असेल तर तिला, नाहीतर मुख्याध्यापकांना. सगळ्या स्टाफला नको. एवढंच मागा की मारामारी झाली तर आधी त्याला बाजूला घेऊन विचारा, आणि वर्गात "वडील काय करतात" असं एकेकाला उभं करून विचारू नका. एका शाळेत मी पाहिलंय, वह्या वाटताना बाईंनी सगळ्यांपुढं म्हटलं, "याच्या वडिलांचं तसं आहे ना, याला आधी द्या." त्या बाईंच्या मनात कणव होती. पोरगं दुसऱ्या दिवसापासून शाळेत आलं नाही.

भाच्याला एक वाक्य शिकवून ठेवा: "ते आमच्या घरचं आहे, मला त्यावर बोलायचं नाही." हे खोटं नाही, आणि सगळं उघडं करणंही नाही. घरी आरशासमोर, हसत-खेळत दोन-चारदा म्हणवून घ्या. हात उचलायच्या आधी तोंडात शब्द आला की निम्मं काम झालं.

आता एक गोष्ट जरा ठसवून सांगते, कारण तुमच्या प्रश्नात ती फक्त एका शब्दात आली आहे: भावकी. ज्याच्या डोक्यात लागलं तो तुमचाच चुलत भाऊ असेल, नाहीतर चुलत-चुलत. त्याचीही पोरं असतील. कदाचित तुमच्या भाच्याबरोबर आट्यापाट्या खेळलेली. तुमच्या घरात, किंवा गावी आजोबांच्या ओसरीवर, सध्या काय बोललं जातं? "सुटू दे एकदा, मग बघू." "पोरगा मोठा झाला की दाखवील." अशी वाक्यं मी ऐकली आहेत, आणि ऐकणारा पोरगा तिथंच पाटावर बसून जेवत असतो. लोक म्हणतात खाण तशी माती. मला या म्हणीचा राग येतो. २०१२ साली परदेशातल्या ४० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात पालक तुरुंगात असलेल्या मुलांत भांडखोरपणा, नियम मोडणं, पुढं गुन्ह्याकडं वळणं याचा धोका जास्त दिसला. अभ्यासात मागं पडणं, व्यसन, मनाचे आजार यांच्याशी मात्र तसा ठळक संबंध दिसला नाही. त्याआधी, २०११ साली, इंग्लंड आणि नेदरलँड्स यांची तुलना झाली होती. इंग्लंडमध्ये जो परिणाम दिसला तो नेदरलँड्समध्ये दिसला नाही. रक्तातच असतं तर देश बदलल्यानं फरक पडला नसता. मुलाभोवतीची माणसं आणि व्यवस्था त्याच्याशी कशी वागतात यानं तो पडतो. तेव्हा ओसरीवरची ती वाक्यं बंद करा. आजोबांना सांगणं अवघड आहे, मान्य. तरी सांगा, नाहीतर पोराला तिथं पाठवणं कमी करा.

तसंच वहिनीचं. तुमचा तिच्यावर राग आहे, पत्रातल्या एका शब्दावरून कळतो: "निघून गेली". तिची बाजू मला माहीत नाही. कदाचित तिला माहेरचे सोडत नसतील, कदाचित पैसे नसतील, कदाचित ती नवऱ्यावर चिडलेली असेल आणि ते चुकीचंही नसेल. पण मुलांच्या मनात बाप गेलाय, आणि आईबद्दल आत्या तोंड वाकडं करते. मग त्यांना उरलं कोण? तिचा फोन ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी येऊ दे. तिनं भेटायला यावं यासाठी एकदा तुम्हीच फोन करा. भाऊ सुटून आल्यावर ते दोघं एकत्र नांदतील की नाही, हा त्यांचा प्रश्न. मुलांची आई मात्र तीच राहणार आहे.

भेटीला न्यायचं का? माझं उत्तर हो, पण तयारी करून. आणि एक अपवाद आधीच सांगून टाकते. बापानं मुलावर हात टाकलेला असेल, आईला मारलेलं असेल, मुलगा त्याचा साक्षीदार असेल, तर भेटीचा आग्रह कुणीही धरू नये. तिथं मूल काय म्हणतं ते आधी, आणि गरज पडल्यास बाल कल्याण समितीचा सल्ला. तुमच्या घरात तसं काही नाही असं मी धरून चाललेय. चुकत असेन तर पुढचं वाचू नका.

भाऊ "आणू नको" म्हणतो ते लाजेपोटी. जवळजवळ सगळे बाप पहिल्या वर्षात असंच म्हणतात. पोरांनी मला असं बघू नये. मग वर्ष-दीड वर्ष गेलं की तोच माणूस बरॅकमध्ये रात्री पोरांचे फोटो उशाला घेऊन झोपतो, आणि तोवर पोरं त्याच्याशिवाय जगायला शिकलेली असतात. म्हणून आधी तुम्ही एकट्या जा आणि त्याच्याशी बोला. त्याला तीन गोष्टी सांगा. मुलांसमोर केसचं बोलायचं नाही. "पुढच्या महिन्यात येतो" म्हणायचं नाही. आणि पोराला तोंडानं सांगायचं की आत्याचं ऐक, यात तुझी काही चूक नाही. रडू आलं तर आलं, पण "तूच आता घरातला कर्ता" हे वाक्य चुकूनही काढायचं नाही. नऊ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर असलं ओझं ठेवणारे बाप मी इतके पाहिलेत की आता आधीच बजावते.

मग ई-मुलाकात. आधी ऑनलाइन नोंदणी करून व्हिडिओवर पाच-दहा मिनिटं बोलता येतं. लहान मुलांसाठी ही चांगली पहिली पायरी. पप्पा जिवंत आहेत, केस थोडे कापलेत, हसले, एवढं डोळ्यांनी दिसलं की मुलीची अर्धी भीती जाते. आणि पत्र. पत्राला लोक जुनं समजतात, पण फोन दोन मिनिटांत संपतो, पत्र दप्तरात राहतं. आतून येणारं पत्र वाचून मगच सोडतात, त्यामुळं त्यात केसचं काही लिहू नये. भावाला सांगा, दर आठवड्याला चार ओळी, प्रत्येक मुलाच्या नावानं वेगळ्या. इकडून मुलांनी चित्र पाठवावं. सांगलीकडच्या एका मुलानं बेंदराला मातीचे बैल केले होते. ते बापाला दाखवायचे म्हणून त्यानं त्यांचं चित्र काढलं, शिंगांना खऱ्या बेगडाचे तुकडे चिकटवले आणि पाठवलं. बेगड आत सोडतील की नाही याची त्याच्यापेक्षा मलाच धास्ती होती. सोडला.

प्रत्यक्ष भेटीच्या दिवसाबद्दल. नोंदणी आणि वार यांचे नियम बदलत असतात, आधी फोन करून विचारा. तुमचं आणि मुलांचं आधार, नातं दाखवणारा कागद (जन्मदाखला चालतो) जवळ ठेवा. आत बहुधा काही नेता येत नाही, मोबाइल-पिशवी बाहेर. कोल्हापूरला पोहोचायला दोन-अडीच तास, मग नंबर लागेपर्यंत आणखी काही तास, आणि भेट पंधरा-वीस मिनिटांची. मुलांना भूक, तहान, लघवी सगळं याच वेळेत लागतं. डबा भरपूर न्या. आदल्या दिवशी चित्र काढून समजवा: इथं मोठं दार असतं, इथं पोलीस काका अंग तपासतात, आपलंच नाही, सगळ्यांचं. मग पप्पा काचेच्या पलीकडं येतील, आपण फोनवर बोलायचं. हात लावता येणार नाही. हे शेवटचं आधी सांगितलं नाही तर पाच वर्षांची पोर काचेवर हात मारत राहते, आणि पलीकडचा माणूस कोसळतो.

मुलं तिथं गप्प होतात. चार महिने घोकलेलं सगळं विसरतात. चालतं. मुलीला तिचं चित्र काचेला लावून दाखवू दे. मुलाला बापानं काहीतरी साधं विचारावं, कबड्डीत कुठल्या बाजूनं चढाई करतोस असं. आणि शेवटची दोन मिनिटं तुम्ही फोन घेऊन वकिलाचं बोलायला लागू नका, ते वेगळ्या भेटीत.

परतताना लगेच घराकडं निघू नका, आणि "कसं वाटलं" विचारू नका. रंकाळ्यावर बसा, भेळ खा, बदकं बघा. बोलायचं असेल तर बोलतील. पुढचे दोन-तीन दिवस मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करेल, मुलगा कुणाला तरी बोचकारेल. घरात म्हणतील, "बघ, नेलंस म्हणून झालं." तेव्हा डगमगू नका. मुलांनी आत दाबलेलं बाहेर येतंय. त्या दोन दिवसांना घाबरून लोक भेटी थांबवतात, आणि मग मूल स्वतःच्या कल्पनेतला तुरुंग घेऊन जगतं, जो खऱ्यापेक्षा भयंकर असतो.

काही मध्यवर्ती कारागृहांत, नागपूर-नाशिकरोडसारख्या, गळाभेट नावाचा उपक्रम झालेला आहे. काच नाही, बाप मुलाला मांडीवर घेऊन बसतो. ही संधी बहुतेक शिक्षा लागलेल्या बंद्यांना मिळते, तरी कळंब्याला चौकशी करून ठेवा. कोर्टात मात्र मुलांना भेटवायला नेऊ नका. अनेक घरं नेतात, कारण तिथं काच नसते, पोलीस जरा दुर्लक्ष करतात, पाठीवरून हात फिरवता येतो. पण तिथं समोरची पार्टी असते, शिव्या असतात, गाडीतून उतरणारा बाप असतो आणि त्याला धरलेला हवालदार. शिवाय हल्ली कित्येक तारखांना बंद्याला आणतच नाहीत, व्हिडिओवरच हजर करतात.

पैशाचं. तुम्ही विचारलं नाहीत, पण दोन पोरं सांभाळताय, सासरी कुणीतरी हिशोब काढत असणारच. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, त्यात एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व, म्हणजे मुलाच्या खर्चासाठीची मदत, महिन्याला ४,००० रुपयांचं आहे, पण त्याला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे, ग्रामीण भागात वर्षाला ७२,०००. तुमचं कशात बसतं ते सांगलीच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात ठरेल. कारागृहातून भाऊ आत असल्याचा दाखला घ्या, मुलांचे बोनाफाइड, आधार, बँक खातं, रेशनकार्डाची प्रत. आदेश बाल कल्याण समिती काढते आणि ती मुलांनाही पाहते. आई हयात आहे म्हणून अर्जच करायचा नाही असं समजू नका, पण समितीपुढं तिचंही म्हणणं येणार, म्हणून तिच्याशी बोलणं सुरू ठेवा असं वर म्हटलं. "करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका. मंजुरीला वेळ लागतो, मंजूर झाल्यावर पैसे रखडतात, तेव्हा यावर घर चालेल असं धरू नका. वह्या-पुस्तकं निघतात.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच आहे. सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. जामीन लवकर झाला तर वर लिहिलेल्या निम्म्या गोष्टींची गरजच उरणार नाही. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातले चारातले तीन तुमच्या भावासारखे, खटला न संपलेले. त्यांची घरी किती मुलं आहेत, हे त्या जाडजूड अहवालात कुठं सापडत नाही. आईबरोबर आत असलेली मुलं तेवढी मोजली जातात: १,७६४.

त्या आतल्या मुलांबद्दलही थोडं लिहिते, हे वाचणाऱ्यांत कुणाची बहीण-वहिनी आत असेल. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं. आर. डी. उपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २००६ मध्ये याबद्दल सविस्तर आदेश दिले. मूल म्हणजे कैदी नव्हे, त्याचं जेवण, औषध, कपडे, शिक्षण, खेळ हा त्याचा हक्क. जन्मदाखल्यावर जन्मस्थळ म्हणून तुरुंग लिहायचं नाही, त्या वस्तीचा पत्ता लिहायचा. सहा वर्षांनंतर मूल बाहेर ठेवलं तर आठवड्यातून एकदा तरी आईची भेट. त्या निकालात एक निरीक्षण आहे, बायकांच्या बरॅकमध्येच वाढलेले मुलगे स्वतःबद्दल बाईसारखं बोलतात, आणि रस्त्यावरची जनावरं पाहून घाबरतात. मी हे कानांनी ऐकलंय. चार वर्षांचा गोरापान मुलगा, ऐटीत म्हणाला, "मी जाते, मी नाही येणार." आम्ही हसलो, आणि मग कुणालाच हसू येईना. सहा वर्षं पूर्ण झाली की या मुलांना एका दिवसात उचलून बालगृहात नेतात, तो दिवस मला सगळ्यात वाईट वाटतो. घरातलं कुणी ते मूल घेणार असेल तर पाचव्या वर्षापासूनच त्याला सुट्टीत दोन-चार दिवस घरी न्यायला लागा, कारागृहाशी आणि समितीशी बोलून. अचानक नको. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रयास प्रकल्प १९९० पासून अशा कुटुंबांबरोबर काम करतोय. जिथं अशी संस्था जवळ असेल तिथं मदत घ्या.

भाऊ सुटून येईल त्याबद्दल आत्ता लिहिणं लवकर होईल, पण एक लक्षात ठेवा. तो येईल तेव्हा त्याच्या डोक्यात आठ-नऊ महिन्यांपूर्वीची पोरं असतील. मुलगी त्याच्याकडं जाणार नाही, तुमच्या मागं लपेल. मुलगा त्याचं ऐकणार नाही, उलट बोलेल. पहिले काही आठवडे शिस्त, अभ्यास, मार तुमच्याच हातात ठेवा (मार तर कुणाच्याच नको), बापानं नुसतं सोबत राहावं. शाळेत सोडावं, दूध आणायला बरोबर न्यावं. आणि मुलं तुमच्याकडून लगोलग उचलून गावी नेऊ नका, त्याच घरासमोर तो बांध आहे.

तुमच्या मिस्टरांना हे वाचायला द्या. ते वाईट नाहीत, घाबरलेत. दुसऱ्याची पोरं आपल्या दारात, आणि उद्या काही झालं तर लोक आपल्याला बोलणार, असं त्यांना वाटत असावं. आणि तुम्हीही महिन्यातून एखादा दिवस मैत्रिणीकडं जा. पोरं तेवढा वेळ राहतात.

राहिली भाऊबीज. तुम्ही जरूर जा, पण पोरांची पहिली भेट त्या दिवशी नको. सणाला गेटवर ही गर्दी असते, प्रत्येक बाई रडत असते, भेट दहा मिनिटांवर येते, आणि मग आयुष्यभर दिवाळी म्हटलं की त्यांना ती रांग आठवेल. दिवाळीच्या सुट्टीतला एखादा साधा मंगळवार-बुधवार निवडा. त्याआधी रविवारी सकाळी कोइमतूरचं सांगून टाका.